दीड डोळा

लिलावघरात त्यांना सगळे 'बहुधा' म्हणत. जुनी, छर्रे उडवणारी हवेची पिस्तुलं पारखायची आणि कॅटलॉगसाठी किंमत सांगायची, हे त्यांचं काम. पण 'अस्सल आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून मागे 'बहुधा' लावल्याशिवाय तेवीस वर्षांत एकदाही बाहेर पडलं नव्हतं. लग्नाचं विचारलं तेव्हाही त्यांनी तेवढाच एक शब्द उच्चारला होता. बायकोने तो नीट जपून ठेवला आहे आणि भांडणात ती तो बाहेर काढते.

लबाडी मात्र त्यांना लांबून कळे. आधी ते स्क्रूची डोकी बघत, मग नंबर, मग झीज. खोटी झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती करणारा मेहनती असतो. खरी झीज आळशी. एकाच जागी बसून राहते.

मंगळवारी दुपारी त्यांच्या टेबलावर एक पुठ्ठ्याची पेटी आली आणि पाठोपाठ आत्या आली.

"आजोबांचं पिस्तूल आहे रे. पेटीतून कधी बाहेरसुद्धा काढलं नाही. तसंच लिही, 'न वापरलेलं'."

"बघतो."

"बघायचंय काय त्यात? मला मोतीबिंदू काढायचेत. न वापरलेल्याला दुप्पट भाव येतो, असं तूच एकदा जेवताना सांगत होतास. दुप्पट आला तर दोन्ही डोळे होतील, नाहीतर एकच."

बहुधांनी भिंग लावलं. स्क्रू कुणी छेडलेले नव्हते, नंबर जागेवर होता. पिस्तूल अस्सल होतं. मग त्यांनी मूठ फिरवली. उजव्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, निळसर झिलई पार उडाली होती. उजव्या हाताने धरलं तर अंगठा डावीकडे येतो. त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांत आलटून पालटून धरून बघितलं. मग खाली ठेवलं.

अख्ख्या घराण्यात डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते समोर बसून पर्सची चेन उघडझाप करत होतं.

"आत्या, त्रेचाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या डॉक्टरांच्या दारावरचा दिवा फुटला होता."

"असेल."

"बेचकीने मीच फोडला असं समजून आजोबांनी मला थोबाडीत मारली. मी तेव्हा आत गणितं सोडवत होतो."

चेन थांबली.

"तो दिवा थेट माझ्या खिडकीत यायचा," आत्या म्हणाली. "रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. चौथ्या छर्र्याला गेला."

"मला मारलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"दारात. सांगणारच होते, पण तोवर मारून झालं होतं."

बहुधांनी फॉर्मवर लिहिलं : 'अस्सल. वापरलेलं.' मागे काही लावलं नाही.

"म्हणजे एकच डोळा," आत्या म्हणाली. "बरं, मग डावा करून घेते. नेम त्यानेच धरायचे."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"वस्तूचा इतिहास मालकाच्या अक्षरात असला, तर हौशी लोक चार पैसे जास्त देतात. कुणी, कुठून, कशावर झाडलं, सगळं लिही. सही कर."

"म्हणजे या वयात कबुलीजबाब देऊ?"

"दुसऱ्या डोळ्याचा विचार कर."

आत्याने पेन डाव्या हातात घेतलं. अर्ध्या पानावर येऊन ती थांबली.

"थोबाडीत पण लिहू?"

"लिही. साक्षीदार म्हणून खाली मी सही करतो."

सही झाली. बहुधांनी कागद वाचला, एक काना दुरुस्त केला आणि कागद पेटीत ठेवला.

"आता किती?" आत्याने विचारलं.

"दीड डोळा."

"बहुधा?"

"नाही. दीड."

"आणि उरलेला अर्धा?"

बहुधांनी डाव्या गालावरून हात फिरवला.

"तो मी थोबाडीत खाल्ली त्याचा," ते म्हणाले, आणि पेटीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली.