प्रगती चाचणी

राजारामपुरीत ज्या इमारतीत मी संध्याकाळी शिकवायला जातो, तिच्या दर्शनी भागावर माझा फोटो लावलेला आहे. फोटोत माझ्या अंगावर कोट आहे. तो माझा नाही. फ्लेक्सवाल्याने त्याच्याकडच्या साठ्यातून काढून मला घातला. बाकीच्या शिक्षकांनाही त्याने तोच घातला आहे, फक्त टायचे रंग बदलले आहेत. खाली ‘विषयतज्ज्ञ’ असे लिहिले आहे. सकाळी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. तिथे मला अजून कोणी तज्ज्ञ म्हटलेले नाही.

ही अकादमी स्पर्धा परीक्षांची. इथली पद्धत संचालकांनी मला सुरुवातीलाच समजावली होती. प्रवेशाआधी मुलांची मोफत चाचणी घ्यायची. तो पेपर अवघड काढायचा. मूल घाबरते, बाप त्याहून घाबरतो, आणि प्रवेश होतो. काही महिन्यांनी ‘प्रगती चाचणी’ घ्यायची. तो पेपर सोपा. गुण वाढतात आणि ऑफिसातून घरी अभिनंदनाचा फोन जातो. इतिहासाचे दोन्ही पेपर मी काढतो.

“ही फसवणूक न्हाय ओ सर,” संचालक म्हणाले होते. “तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी आपटतोयच की त्याला. मग एखादी कुस्ती मुद्दाम सोडतोय. पोरगं टिकाय नको?”

शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाशी तालमीच्या दाखल्यावरून वाद घालू नये, असे मी ठरवले. वस्तादाने सोडलेल्या कुस्तीवर कोणी घरदार पणाला लावत नाही, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचले. सुचले तरी पेपर काढलाच.

शनिवार-रविवारच्या बॅचला आजऱ्याहून एक मुलगी एसटीने यायची. तिकडे ती पतसंस्थेत कारकून होती. फार हुशार नव्हती, पण चिकाटीची होती. शंका विचारायची तर उभी राहून विचारायची. प्रगती चाचणीत ती बॅचमध्ये वरच्या मुलांत आली, आणि पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन आली. त्यांनी काजूची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

“घरचं हायत,” ते म्हणाले. “सर, पोरगी म्हणत्या, नोकरी सोडून हितंच खोली घेते आणि अभ्यास करते. आमाला त्यातलं काय कळत न्हाय. एकदा सोडली की संस्थेत परत घ्यायचे न्हाईत, मागं रांग हाय.”

“आबा, मार्क बघितलासा की,” मुलगी म्हणाली.

“बगितलं गं. मी सरांस्नी इचारतोय. सर, व्हईल का हिचं?”

दार उघडे होते. बाहेर संचालक दुसऱ्या एका पालकाशी बोलत होते. त्यांचा आवाज मधेच बारीक झाला.

“गुण चांगले आहेत,” मी म्हणालो.

वाक्य खोटे नव्हते. कोर्टातही टिकले असते. वडील म्हणाले, “मग झालं तर,” आणि मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी “असू दे, असू दे” म्हणत मागे सरकलो. त्यांना तो माझा साधेपणा वाटला असावा.

तिने राजीनामा दिला. मागच्याच गल्लीत तिघी मुलींबरोबर खोली घेतली. आता ती रोज येते आणि पुढच्या बाकावर बसते. मी फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवय लावून घेतली आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी एक पेपर खऱ्या परीक्षेच्या तोडीचा काढला. संचालक भडकले. “सर, ह्यो कसला पेपर? पोरं पळून जातील की!” सरावासाठी एकदाच, अशी मी त्यांची समजूत काढली. आपण कुठे उभे आहोत ते तिचे तिला कळेल, मला तोंड उघडावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. तिला प्रगती चाचणीच्या निम्मेही गुण मिळाले नाहीत.

तास संपल्यावर ती उत्तरपत्रिका घेऊन आली. “सर, नोकरी सोडल्यापासून माझंच लक्ष उडालंय. तिथं काम करून जेवढं होत होतं, तेवढंसुद्धा इथं होईना. आबांना सांगू नका. मोबाईल मी आजच घरी पाठवून देते.”

चूक तुझी नाही, तो आधीचा पेपर मी मुद्दाम सोपा काढला होता, एवढेच म्हणायचे होते. मग तिने ‘का’ विचारले असते.

“पेपर जरा अवघड होता,” मी म्हणालो.

“नाही सर, तुमचे पेपर बरोबरच असतात. मीच कमी पडले.” तिने डोळे पुसले आणि चुकलेला एकेक प्रश्न मला विचारू लागली. मी प्रत्येकाचे उत्तर नीट समजावून सांगितले.

ती गेल्यावर संचालक आत आले. “बघितलासा न्हवं? त्या पोरीचं तोंड बघवंना. पुढच्या आठवड्यात परत प्रगती चाचणी घेऊया. जरा हलका काढा पेपर, तिला बरं वाटंल.”

इतक्या दिवसांत त्यांचे एखादे बोलणे मला पहिल्यांदाच दयेचे वाटले. मी तो पेपर काल काढून दिला.