भुंग्यांची मेढ

मार्गासनीच्या आमच्या शेजारीणबाई गोठा सारवताना छपराला आधार दिलेल्या लाकडी मेढीवरच्या भोकांभोवती बोट हलकेच वळवीत. शेणाने भुंग्यांचे दार बुजता कामा नये. तागाला शेंग भुंगाच धरवतो, असे त्यांचे म्हणणे. काळा भुंगा घोंघावत आला की म्हणत, "पावणं आलं मास्तर, वाईच सरका."

पत्नी गेल्यामुळे त्या शिमग्याला मला सण नव्हता. मी ओट्यावर बसून होतो. होळीसाठी लाकडे मागत आलेले गडी गोठ्यातली तीच मेढ, आता मोडून पडलेली, उचलू लागले, तशा बाई तिच्यावर बसल्याच.

"व्हळीला न्हाई म्हनू ने, काकी!"

"न्हाई कुठं म्हनते? पर हिच्यात लेकरं हायती."

"भुंग्यांची आजी झाली रं काकी!"

"व्हय, झाले. घरातली माजी बाज न्या."

हसणे थांबले. बाज होळीत गेली. बाई तेव्हापासून जमिनीवरच निजत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेढ कुंपणात उभी रोवली आणि मला हाक मारली. "मास्तर, हितं कान लावा."

मी कान लावला. आत गुणगुण चालली होती. नांदत्या घराचा आवाज त्या वर्षात मी पहिल्यांदाच ऐकला.