गंगम्मा चषकाच्या हिरव्या रेषा

रात्रभर भुरभुरून पाऊस पहाटे थांबला. संतपूरच्या शाळेमागच्या मैदानात साचलेलं पाणी प्रेमानंद फावड्यानं चर काढून बाहेर लावत होता. आज वीरण्णा येणार होते. मैदान बघून, चषक इथंच ठेवायचा की बसवकल्याणला न्यायचा ते ठरवणार होते. गेल्या वर्षी ऐन फायनलला चुन्याच्या रेषा वाहून गेल्या, अन् गोल झाला का न्हाई यावरून दोन्ही संघ हमरीतुमरीवर आले होते.

औरादचे बियाणे-व्यापारी वीरण्णा. पंधरा वर्षांमागं त्यांनी आईच्या नावानं हा फुटबॉल चषक सुरू केला. तवा संघ चार गावांचे, बक्षीस सोयाबीनची बॅग. पुढं उदगीर आलं, जहीराबाद आलं. एका साली हैदराबादच्या हॉटेलांत राबणारी नेपाळी पोरं अनवाणी खेळून चषक घेऊन गेली, अन् फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द चढला. रेषा मात्र पंधराही वर्षं प्रेमानंदाच्याच. त्याची रीत शेतकऱ्याची: पेरायच्या तिफणीचं एकच नळं उघडं ठेवायचं, वरच्या चाड्यातून बियाण्याऐवजी चुन्याची फक्की सोडायची अन् बैलांमागं सरळ चालायचं.

यंदा तीन आठवड्यांमागं सरावासाठी रेषा मारताना त्यानं अंधाऱ्या खोलीतून चुना समजून युरियाचं पोतं उचललं. दुसऱ्या दिवशी रेषाच गायब! बायको ज्योत्स्ना पोतं वाचून कपाळाला हात लावून बसली.

दहाला जीप आली.

“काय रं, रेषा अजून मारल्या न्हाईस?”

“मारल्यात की अण्णा. पायाखाली बघा.”

वीरण्णा वाकले. पोपटी गवतात गडद हिरवा, दाट पट्टा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतासारखा.

“हे काय पेरलास?”

“तुमच्याच दुकानचा युरिया. चुना समजून.”

“येडा हाईस का? युरिया मातीत घातलास?”

“मातीतच घालत्यात की, अण्णा.”

मागंच उभ्या ज्योत्स्नानं भरली बादली रेषेवर उपडी केली. “घ्या. जायलीय का वाहून?”

वीरण्णांनी बुटाच्या टाचेनं पट्टा घासून बघितला. जाईना. मग पोट धरून हसायला लागले.

“पण पंचाला लांबून दिसंल का?”

“वरून फक्की मारतो. ती धुतली तरी खालची हायच.”

वीरण्णांनी तिथंच फोन लावला. “बसवकल्याणवाल्यांना न्हाई म्हणून सांगा. चषक संतपूरलाच.”

प्रेमानंद निघालेल्या जीपकडं बघत नुसताच हसत उभा राहिला.

“हसायलाव काय?” ज्योत्स्ना म्हणाली. “ज्वारीचं दळण कालपासून गिरणीत पडलंय.”

“व्हय, निघालो,” म्हणत त्यानं पाय धुतले अन् सायकल काढली.