हेल्मेट

माझ्या औषधाच्या दुकानात तो आला की गल्लीला कळतं. "मालक, माझं हेल्मेट आलं काय?" हेल्मेट म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. डोक्यावरचं हेल्मेट त्यानं आजवर कधी घातलेलं नाही, ते सोडा.

शनिवारी दोस्तांबरोबर नशा करतो, हे तो लपवत नाही. मला ते आवडत नाही, हे मीही लपवत नाही. एका सोमवारी मात्र तो हळू आवाजात म्हणाला, "पावडरीच्या नादात गोळी ऱ्हायली की वो. शनिवारी सांजच्याला एक फोन मारत जावा." मी त्याला आधी डॉक्टरांकडे तपासणीला पिटाळलं.

तेव्हापासून दर शनिवारी मी विचारतो, "घातलं काय?" तो "घातलं" म्हणतो आणि फोन ठेवतो.

परवाच्या शनिवारी फोन उचलला तो भलत्यानंच. मी घाईनं विचारलं,

"तो कुठाय?"

"हाय की, म्होरंच. मी त्याचा दोस्त. त्यानं डॉक्टरकडं नेऊन मलाबी हेल्मेट चालू केलंय. गोळी गिळली म्हटलं तरी तोंड उघडून दाखव म्हणतोय."