काका प्लगइन बसवतात

जगातली प्रत्येक भीती आधी आमच्या काकांकडे हजेरी लावते आणि मगच इतरांकडे जाते, असं माझं ठाम मत आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, मुक्काम श्रीवर्धन. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत हा माणूस पाण्याकडे पाठ करून बसतो आणि खलाशाला दर दोन मिनिटांनी विचारतो, "भोक न्हाय ना पडलं?" एकदा गॅस बंद केलाय की नाही या शंकेने म्हसळ्याला एसटीतून उतरून परत घरी आले, तर मावशी त्याच गॅसवर चहा करत होती!

मावशी गेली त्याला वर्ष झालं. तिने आपल्या पाककृती बोलून रेकॉर्ड केल्या होत्या, मी त्या वेबसाइटवर चढवल्या होत्या. गेल्या महिन्यात तिथला आवाज वाजेना. नवं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवायला हवं होतं. ते कसं बसवायचं याच्या सूचना लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि त्या समजत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं माझ्या नावाने बोटं मोडत होती. म्हटलं, नव्या सूचना काकांनाच देऊ. त्यांना जमलं तर कोणालाही जमेल.

काका तीन दिवस तो कागद वाचत होते. "'सक्रिय करा, झालं' लिवलंस. काय झालं, बाय? बिघडलं तर मागारी कसं यायचं?"

"अहो काका, एक बटण तर आहे!" मी करवादले.

"बटण एक हाय. तिचा आवाज पण एकच हाय."

मी कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. मावशीचा जुना फोन केव्हाच भंगारात गेला होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि मी शहाणीने 'जुनं प्लगइन काढा' चौथ्या पायरीवर लिहिलं होतं, 'बॅकअप घ्या' सातव्या! साइटची नक्कल करून तिच्यावर माझ्याच सूचना पाळून पाहिल्या, तर जुन्या प्लगइनबरोबर सगळे आवाज साफ. मग सगळं नव्याने लिहिलं. आधी प्रत काढा, ती वाजवून ऐका, नवं बसवा, बिनसलं तर असे मागे या, जुनं अगदी शेवटी काढा. काकांच्या एकेका भीतीला एकेक ओळ दिली.

काकांनी डोळे मिटून, माझं मनगट आवळून बटण दाबलं. मी सुकटीची पाककृती वाजवायला लावली. मग मावशी बोलली, "सुकट आधी कोरडी भाजायची... अवो, दारात कशाला उभे? या की आत. रेकॉर्डिंग हाय, वाघ न्हाय."

"आलो गो," काका म्हणाले. मी सूचनांचा कागद हातात धरून बसले होते, पण मला त्यातली एकही ओळ दिसेना.