आत्याचा आराम, आईचा खांदा

आमच्या घराण्यात ‘आराम’ या एका शब्दाने जेवढी माणसं निकामी केली, तेवढी कुठल्या रोगाने केली नसतील. मोठा लबाड शब्द आहे. काही न करता पडून राहिलं की तो आराम, आणि दुखणं बरं झालं की तोही आरामच. ‘आराम कर’ आणि ‘आराम पडला का’ ही दोन वाक्यं आमच्याकडे पाठोपाठ बोलली जायची आणि पहिल्यामुळेच दुसरं होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. माझ्या आत्याला तर नव्हतीच.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहायची दिंडोशीला, पण आमच्याकडे कुणाचं काही दुखलं की पिशवी घेऊन मुलुंडला हजर. दुखणं जितकं मोठं, तितका तिचा मुक्काम लांब. ती यायची सेवा करायला आणि आल्यावर तिची सेवा आम्हाला करावी लागायची. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, मी नुकती नोकरीला लागले होते, आणि त्या वर्षी तिने जो मुक्काम ठोकला तो आईच्या हाताच्या निमित्ताने.

आमच्या बिल्डिंगला पाणी पहाटे यायचं. पिंप भरता भरता आई मोरीत घसरली आणि उजव्या हातावर आपटली. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि माझ्यासमोर, बाबांसमोर स्पष्ट सांगितलं, “मनगट बांधलंय, बाकीचा हात नाही. बोटं हलवायची, कोपर हलवायचं, खांद्यातून हात रोज वर न्यायचा. नाहीतर खांदा आखडून बसेल.” बाबांना सगळं अर्धं ऐकायची सवय होती, उरलेलं ते स्वतःचं घालत. घरी येऊन त्यांनी आत्याला सांगितलं, “डॉक्टर म्हणाले, आराम पाहिजे.”

मी म्हटलं, “असं नाही म्हणाले ते.” पण माझं ऐकतो कोण? आत्याने तोवर जुनं मऊ पातळ फाडून झोळी केली होती, आणि आईचा हात तिच्या गळ्यात असा काही बांधला की तो तिचा हात न राहता तिच्या अंगावर ठेवायला दिलेली वस्तू झाला. “मोडलेलो हात कोण हलवता?” आत्या म्हणाली. “आराम कर गो, आराम पडतलो.”

आईने आराम केला. म्हणजे उजव्या हाताने केला. डाव्या हाताने ती आम्हा सगळ्यांचा चहा करत होतीच.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट झकास जुळलेलं होतं. पण हात वर जाईना. कमरेपासून छातीपर्यंत यायचा आणि तिथे कुणी आतून कडी घातल्यासारखा थांबायचा. पुढे रेटला की आईच्या डोळ्यांतून पाणी. मोडलं होतं एक आणि अडलं होतं भलतंच. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना ती ओठ चावायची, आणि केस तर तिला विंचरताच येईनात.

आता आईच्या केसांबद्दल सांगायला हवं. दाट, कमरेखाली जाणारे. पण ते मोकळे कुणी पाहिले नव्हते. पाणी यायच्या आधी उठून तिचा अंबाडा बांधून झालेला असायचा. तीच आई आता रोज सकाळी पाटावर पाठ करून बसायची आणि मी ऑफिसच्या घाईत तिचे केस ओढायचे. मी नसले तर आत्या ओढायची, आणि ओढताना उसासे टाकायची. आईची ती मुकाट पाठ मला बघवत नसे. इतकी वर्षं जिने आपलं कुणाला काही करू दिलं नाही, तिला असं समोर बसवून आत्या दारातल्या बायकांशी गप्पा मारत विंचरायची, याचा मला संताप यायचा.

श्रावणात आत्याने निकाल दिला. “कापून टाक गो. येवढे केस ठेवन आता करतलंस काय? हल्ली शिकलेले बायो कापतत. दिवाळीत पाव्हणे येतले, त्याच्या आधी मोकळी हो.” तळमजल्यावर एका बाईंनी घरातच पार्लर काढलं होतं. त्यांना तिने सांगूनही टाकलं. आईने लहानपणी गावात विधवेचे केस उतरवताना पाहिले होते आणि आत्यानेही पाहिले होते, त्याच गावात. तरी ती हे बोलली, आणि बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आईने डाव्या हाताने केस पुढे ओढून घेतले. मग म्हणाली, “दिवाळीपर्यंत थांबा, वन्सं. तोवर हात नाही गेला तर कापते.”

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिला परत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आम्हाला मनसोक्त झापलं आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला पाठवलं. हा शब्द आमच्या घरी कुणाला म्हणता आला नाही. शेजारच्या म्हणायच्या ‘शेकायला जाते’, आत्या म्हणायची ‘करंट घेवक जाता’, आणि बाबा म्हणाले, “मालिशच ना? त्यात शिकायचं काय असतं?”

त्या दवाखान्याच्या मागच्या लांबट खोलीत मी पहिल्यांदा पाहिलं की दुखण्याशी माणसं काय काय करतात. एक गृहस्थ कमरेला पट्टा बांधून पलंगावर आडवे आणि पायाकडून वजनं लटकलेली. एक बाई पातळ केलेल्या मेणात बोटं बुडवत होत्या. अर्धांगवायू झालेला एक तगडा माणूस दोन दांड्यांच्या मधून पाऊल टाकायला शिकत होता आणि दरवेळी आपल्याच पायाला शिव्या घालत होता. त्यांच्यामध्ये फिरणारी मुलगी माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. पांढरा कोट, चप्पल, आणि आवाज बाजारात भाजी घेणाऱ्या बाईचा. पहिल्या दिवशी बाबाही बरोबर होते. ते तिला म्हणाले, “जरा चांगलं तेल लावून मालिश करा.”

“मालिश नाही करत मी, काका. सांधा हलवते. मालिश पाहिजे तर स्टेशनबाहेर चंपीवाला बसतो ना.”

बाबा पुन्हा कधी तिथे आले नाहीत.

तिने आईला यंत्राचा शेक दिला, मग खांदा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दंड हळूहळू वर नेला. आई किंचाळली. त्या क्षणी ती मुलगी मला आत्याहून वाईट वाटली. पण ती थांबली, आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “दुखणार, काकी. थोडं दुखलं तर चालेल. घरी गेल्यावर दिवसभर ठणकत राहिलं तर मला सांगायचं, मग आपण कमी करू. पण दुखतं म्हणून हलवायचं बंद केलं तर हा खांदा असाच बसेल, वर्ष वर्ष बसेल.” मग तिने विचारलं, या हाताने घरी काय काय करत होता? आई म्हणाली, फळीवरचे डबे काढायचे, दोरीवर कपडे टाकायचे. आणि मग, आवाज खाली आणून, केस.

“कपडे वाळत घालायची काठी आहे ना घरी? झालं तर मग. तीच घ्या.”

काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात वर ढकलायचा. ओणवं होऊन हात सैल सोडून झुलवायचा. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत जायचं, आज जिथे अडलं त्याच्या थोडं वर उद्या. मान वाकडी करून किंवा टाचा उचलून फसवायचं नाही. एवढंच. मला तेव्हा चक्क फसवल्यासारखं झालं. एवढ्यासाठी कॉलेजं काढतात?

बाबांचा निष्कर्ष वेगळा. गुण सगळा यंत्रातल्या उष्णतेचा, मग तो शेक घरी का नको? त्यांनी कुठून तरी स्टँडवरचा लाल दिवा आणला. “आता त्या पोरीकडे जायची गरज नाही,” असं जाहीर केलं. आणि मग आमच्या घरी जे झालं त्याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी यापलीकडे शब्द नाही. संध्याकाळी आत्या दिव्यापुढे गुडघे पसरून बसायची. तिच्यानंतर शेजारच्या काकूंची कंबर, मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांची मान. सगळ्यात शेवटी बाबा, खांदा उघडा टाकून आरामखुर्चीत. त्यांचाही खांदा हल्ली कुरकुरायचा म्हणे. सगळे लालभडक होऊन एकमेकांना विचारायचे, “आराम वाटतो ना?” आणि वाटायचाच. त्या सगळ्यांना चहा करून आई दिव्यापुढे येईपर्यंत बाबा तो बंद करून ठेवायचे, बल्ब तापतो म्हणून.

आईने हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा ती मुलगी हसत सुटली. “काकी, शेकाने सांधा जरा सैल होतो, दुखणं जरा दबतं. त्याच्यानंतर हलवायचं असतं. तवा तापवून नुसतं बघत बसलं तर पोळी होईल का?”

आईने दवाखाना सोडला नाही. माझ्या आईला उलट बोलता येत नसे, पण ऐकल्यासारखं करून आपलंच करणं तिला चांगलं येत होतं. घरी दुपारी ती काठी घेऊन उभी राहायची. आत्या पलंगावरून बघायची. “बायलमाणसान काठी फिरवची? लेझमीच्या पथकात जातंस काय गो?” मग बाबांचा विनोद ठरलेला, “या वयात आखाड्यात उतरली!” दोघं खूष. मला वाटायचं, तीच काठी घेऊन दोघांना दारापर्यंत सोडून यावं.

आत्याचं तेलही चालूच होतं. गावाहून आणलेलं, काळपट, वासाने डोकं उठवणारं. तिने ते रोज आईच्या खांद्याला चोळायचं आणि आईने चोळून घ्यायचं. मग आई त्याच तेलकट बोटांनी भिंत चढायची, आणि पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरवर बोटांचे डाग पडायचे. आधी छातीएवढे, मग हनुवटीपाशी. बाबा रोज त्या डागांकडे बघून हळहळायचे. “भिंतीची पार वाट लावली.” डाग वर चाललेत, हे त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी मी भिंत बघायचे. काही आठवडे डाग एकाच जागी बसले, इंचभरही हलेनात. आई तेव्हा एकदा म्हणाली, “कापूनच टाकू का गं? निदान रोजचं हे तरी संपेल.” तिचे केस माझ्या हातातच होते, ते मी नुसते धरून उभी राहिले.

गणपती गेले, नवरात्र आलं, आणि डाग कानापाशी सरकले. मग कपाळापाशी. दिवाळीआधी बाबांनी रंगारी बोलावला आणि भिंत पुन्हा पिस्ता झाली. सगळे डाग गेले. आत्या दिंडोशीला जाताना तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या बाईंना, केस कापायला भाऊबिजेचा आदला दिवस ठरलाय, याची आठवण करून देऊन गेली.

नरक चतुर्दशीला मी उठले तेव्हा आई न्हाऊन आली होती. खिडकीशी पाठमोरी उभी होती, केस ओले, मोकळे. मी फणी घ्यायला पुढे झाले तर म्हणाली, “थांब.” उजवा हात तिने वर नेला. कानामागे गेल्यावर हात अडला, तिने श्वास सोडला आणि अजून थोडा नेला. बोटं मानेवर पोचली. पीळ घातला, गुंडाळला, आकडे खोचले. अंबाडा एका बाजूला कलला होता. आई आरशात बघत राहिली आणि मी मोरीत जाऊन रडले.

भाऊबिजेला आत्या आली. आईच्या अंबाड्यावर अबोलीची वेणी होती. ती बघून आत्या क्षणभर थबकली, पण क्षणभरच. ओवाळून होईतो तिचं भान परत आलं, आणि जमलेल्या शेजाऱ्यांना ती सांगू लागली, “माझ्या तेलानच आराम पडलो. त्या पोरीन नुसते हात हलवले.” आयत्या बिळावर नागोबा. काकूंनी लगेच तेलाची बाटली मागितली. बाबा म्हणाले, “आणि दिव्याचा शेक.” मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

तिने फळीवरची तेलाची बाटली काढली. उजव्या तळव्यावर भरपूर तेल ओतलं. नव्या रंगाच्या भिंतीजवळ गेली, हात वर, वर, विजेच्या बटणांच्याही वर नेला आणि अख्खा पंजा भिंतीवर दाबला.

“बघा वन्सं,” ती म्हणाली, “तुमचं तेल कुठवर पोचलं ते.”

आत्याच्या तोंडातली करंजी तशीच राहिली. बाबा ओरडले, “अगं, नवा रंग!” फडकं घेऊन ते धावले आणि डाग पुसायला हात उचलला. हात त्यांच्या खांद्याएवढा वर गेला आणि तिथेच अडला. “आई गं,” म्हणत त्यांनी तो खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच.

आईने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “तुम्ही आराम करा हो,” ती म्हणाली. मग बाल्कनीत गेली आणि कपड्यांची काठी आणून त्यांच्या हातात दिली.