कादंबरीची फळी

“ए बाई! ही घाण कादंबरीच्या फळीवर कोणं आणली?”

वाचनालयाचे सचिवसाहेब ओरडत होते. आवाज असा, की तिकडं कापूस बाजारात बैलांनी माना वर केल्या असतील आणि वर्धा स्टेशनातली पॅसेंजर वेळेआधी सुटली असेल. भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी. तीही त्यांनीच लावलेली. पेपर वाचणारी माणसं पेपरच्या आड गेली. खुर्च्यांवर नुसते पेपर बसलेले दिसत होते. मी कपाटाला पाठ लावून उभी. 

ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या वाचनालयात मी शिपाई होते, कच्ची. माझा हात तिथं पुस्तकांना चालायचा, पाण्याच्या माठाला नाही. नालवाडीतल्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. चूल माझ्या जिवावर. मला पक्कं करायचा कागद साहेबांच्या सहीसाठी टेबलावर पडून होता.

घाण म्हणजे काय, तर आमच्यातल्या एका माणसानं लिहिलेली कादंबरी. ती आधी दिवाळी अंकात आली, मग तिचं पुस्तक झालं. डोळे नसलेल्यांसाठी कॉलेजच्या पोरींनी ती मोठ्यानं वाचून दोन कॅसेट भरल्या. आता वाचनालयाची रीत ऐका. लिहिणाऱ्याचं आडनाव आमच्यातलं निघालं, की पुस्तक असो, अंक असो, कॅसेट असो, रवानगी जिन्याखाली. ‘हरिजन कल्याण’ नावाच्या कपाटात. शेजारी कोंबडीपालन आणि घरगुती साबण.

पहिल्या कॅसेटवर आडनाव टाकायचं राहून गेलं होतं. म्हणून ती बचावली, कादंबऱ्यांत जाऊन बसली. दुसरीवर आडनाव होतं. ती गेली जिन्याखाली.

एक कास्तकार बुवा यायचे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांनी पहिली कॅसेट घरी नेऊन ऐकली. गोष्टीतली पोरगी कापसाची सरकी काढतात त्या जिनात कामाला. आत ती एकटी, बाहेरून मुकादमानं फाटकाला कुलूप घातलं, आणि कॅसेट संपली. तेव्हापासून बुवा दर बाजाराच्या दिवशी काठी टेकत यायचे. “बाई, थे पोरगी सुटली का वो?” जेवण गोड लागत नाही म्हणायचे. पुढची कॅसेट कोणालाच सापडेना.

मला सापडली. कोंबड्या आणि साबणाच्या मधोमध.

ग्रंथालयाच्या वर्गात मी शिकले होते, की कथा कागदावर असो का फितीवर, नंबर कथेचाच. पुस्तक, अंक, दोन्ही कॅसेट, सगळ्यांना मी कादंबरीचा एकच नंबर चिकटवला आणि एका फळीवर आणलं. पुढं लाकडी ठोकळा ठेवला: ‘हीच गोष्ट अंकात व कॅसेटवर आहे.’

तोच ठोकळा साहेबांना दिसला.

“तुमच्या लोकाईचं रडगाणं म्हणजे कादंबरी नसते,” ते म्हणाले. “उचल सारं, जिन्याखाली ने. आन फळी ओल्या फडक्यानं पुसून घे.”

फडकं माझ्या पायाशी पडलं. मी वाकले. उचललंही. भीती अशी, की पाठीच्या कण्याची आपोआप घडी होते. पुसायला हात वर नेला आणि फळी दिसली. त्या फळीवर खुनी होते. दुसऱ्याची बायको पळवणारे सरदार होते. दारूत जमिनी बुडवणारे जमीनदार होते. त्यांच्यामागं कोणी फडकं फिरवलं नव्हतं.

“नाई पुसत.” माझा आवाज डासाएवढा निघाला.

“काय म्हटलं?”

“फळी नाई पुसत. आन हे उचलत बी नाई.”

साहेबांनी तिथलं पुस्तक स्वतःच्या हातानं कधी उचललं नव्हतं. त्या दिवशीही नाही उचललं. टेबलावरचा माझा कागद तेवढा त्यांनी खणात टाकला. हे जिन्याखाली गेलं तर सही होईल, नाहीतर घरी बसजो, म्हणाले.

पुढं रोज सकाळी कुलूप काढलं, की मी आधी ती फळी बघायची. रात्रीतून शहाणी झालीस का, सही हवी ना, असं घरचे तवा-परातही विचारत असल्यासारखे वाटायचे.

बाजाराच्या दिवशी बुवा आले. साहेब टेबलाशीच होते. बुवांनी काठी टेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाई, थे दुसरी कॅसेट गवसली म्हन्ते. कुठी ठेवली?”

साहेबांनी खण उघडला. कागद बाहेर काढला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं पाहत राहिले. पेपर पुन्हा वर गेले.  ‘जिन्याखाली’ एवढं म्हटलं, की सही होणार होती.

“कादंबरीत हाय, बुवा.”